मिटल्यावर उलगडणारे कोडे

एका बेटावरच्या पुरातन मंदिरात हिरव्या टोपीतला एक मुलगा शिळेसमोर उभा आहे. त्याचे नाव लिंक. त्याच्याजवळ समुद्राचा नकाशा आहे आणि पुढे जायचे तर त्या नकाशावर एक पवित्र मुद्रा उमटवायला हवी. खेळणाऱ्याच्या हातातल्या यंत्राला एकाखाली एक असे दोन पडदे आहेत. वरच्या पडद्यावर ती मुद्रा झळकते आहे, खालच्यावर नकाशा पसरलेला आहे. मुद्रा नकाशावर दाबून उमटव, एवढेच शिळेवर लिहिले आहे. कशी, ते लिहिलेले नाही.

खेळणारा आधी लेखणी वरच्या पडद्यावर टेकवतो. त्या पडद्याला स्पर्श कळतच नाही. मग तो नकाशावर स्वतःच मुद्रेचे चित्र काढून पाहतो. नकाशा घासतो, त्यावर टिचक्या मारतो, यंत्राच्या मायक्रोफोनवर फुंकर घालतो. काही केल्या काही होत नाही. शेवटी कंटाळून तो यंत्र मिटतो आणि चहा प्यायला उठतो. परत येऊन झाकण उघडतो तो काय, मुद्रा नकाशावर उमटलेली! यंत्र मिटले तेव्हा वरचा पडदा खालच्या पडद्यावर टेकला होता, रबरी शिक्का कागदावर टेकावा तसा. उत्तर त्याने दिले होते आणि आपण ते दिले हे त्याला ठाऊकही नव्हते.

‘द लेजंड ऑफ झेल्डा: फँटम आवरग्लास’ या २००७ सालच्या खेळातले हे कोडे जगभरातल्या असंख्य खेळाडूंच्या लक्षात राहिले आहे. त्यातल्या कितीतरी जणांनी ते असेच अपघाताने सोडवले. वरवर ती एक गंमत वाटते, पण तिच्यामागे मोठी कल्पकता आहे. त्या काळात निन्टेन्डो डीएस या हातातल्या यंत्रासाठी साहसखेळ रचणाऱ्यांनी कोडे फक्त पडद्यावर ठेवले नाही. पडदा, लेखणी, मायक्रोफोन, इतकेच काय बिजागरीसुद्धा त्यांनी कोड्यात ओढली. खेळ यंत्रावर चालतो, हे सगळ्यांना माहीत होते. या खेळांत यंत्र हाच खेळाचा एक भाग झाला.

कंपासपेटीसारखे यंत्र

निन्टेन्डो डीएस नोव्हेंबर २००४मध्ये आधी अमेरिकेत आणि डिसेंबरमध्ये जपानमध्ये विक्रीला आले. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीसारखे ते उघडत आणि मिटत असे. उघडले की दोन पडदे दिसत. प्रत्येक पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तीन इंचांचा, आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके मावतील एवढाच. आजच्या साध्यातल्या साध्या फोनपुढे हे अगदीच तोकडे. तरी या यंत्राच्या सगळ्या आवृत्त्या मिळून जगभरात १५ कोटी ४० लाखांहून जास्त नग विकले गेले.

दोन पडद्यांची कल्पना निन्टेन्डोच्या घरातलीच होती. या कंपनीतले कल्पक अभियंते गुन्पेइ योकोइ यांनी १९८० साली ‘गेम अँड वॉच’ नावाची खिशात मावणारी खेळणी बाजारात आणली. गाडीत कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला एक नोकरदार पाहून त्यांना ती सुचली, असे सांगितले जाते. त्याच मालिकेत १९८२मध्ये दोन पडद्यांची, मिटून ठेवता येणारी आवृत्ती आली. डीएस उघडून पाहिले, की या जुन्या खेळण्याची ठेवण लगेच ओळखू येते.

नवा होता तो खालचा पडदा. तो स्पर्श ओळखत असे, मात्र आजच्या फोनच्या पद्धतीने नव्हे. फोनच्या काचेला बोटातली विद्युतवाहकता जाणवते, म्हणून हातमोजा घातला की साधा फोन दाद देत नाही. डीएसच्या पडद्यात वीज वाहून नेणारे दोन पातळ थर होते आणि त्यांच्यात केसाएवढी फट होती. वरून दाब पडला, की वरचा थर वाकून खालच्याला टेकायचा. कुठल्या जागी विजेचा दाब किती भरला, त्यावरून यंत्र टेकलेली जागा शोधायचे. लेखणी, नख, हातमोज्यातले बोट, सगळे त्याला सारखेच. एका वेळी एकच जागा त्याला नीट कळायची, पण ती जागा अगदी नेमकी कळायची. टोकदार लेखणीने अक्षर काढावे, रेघ ओढावी, ठिपका द्यावा, यासाठी ही रचना उत्तम होती.

यंत्र मिटले की ते झोपी जाई आणि उघडले की जिथल्या तिथे जागे होई. बसचा थांबा आला, खेळ मिटला, खिशात टाकला. ही सोय रोजच्या वापरासाठी केलेली होती. पुढे तीच कोड्याची किल्ली होईल, हे वापरणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

गुहेतून निघालेली वाट

साहसखेळ म्हणजे नुसती उड्यामारी आणि नेमबाजी नव्हे. या प्रकारात हात कमी आणि डोके जास्त चालवावे लागते. खोलीत शिरायचे, दिसेल ती वस्तू तपासायची, भेटेल त्याच्याशी बोलायचे, मिळालेली किल्ली कुठल्या कुलपाची ते शोधायचे. उत्कंठा लावणारी रहस्यकथा वाचावी, पण पान उलटायच्या आधी प्रत्येक वेळी गुप्तहेराचे काम आपणच करावे, तसा हा अनुभव असतो.

या प्रकाराला त्याचे नाव मिळाले ते १९७०च्या दशकात. विल क्राउदर हे अमेरिकेतले प्रोग्रॅमर. इंटरनेटची पूर्वज असलेल्या आर्पानेटवर त्यांनी काम केले होते. गुहांमध्ये उतरून त्यांचे नकाशे तयार करणे हा त्यांचा छंद. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेच्या आठवणींवर त्यांनी आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हते. संगणक शब्दांत गुहेचे वर्णन करी आणि खेळणारा एकदोन शब्दांत हुकूम टंकित करी: पश्चिमेला जा, दिवा घे. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी १९७७मध्ये त्यात भर घातली आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने तो संगणकांवरून संगणकांवर पसरला. खेळाचे नाव पुढे त्या साऱ्या प्रकाराचेच नाव झाले.

मग चित्रे आली. रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने १९८०मध्ये ‘मिस्टरी हाउस’मध्ये साध्या रेघांची चित्रे दिली. १९८७च्या ‘मेनियाक मॅन्शन’मध्ये हुकूम टंकित करण्याची गरजच संपली. ‘उघड’, ‘उचल’, ‘ढकल’ अशी क्रियापदे पडद्यावर मांडलेली असत आणि ती निवडली की काम व्हायचे. १९९३च्या ‘मिस्ट’ने तर लाखो घरांत ही चटक लावली. जपानमध्ये हीच वाट रुळवली ती युजी होरी यांच्या ‘पोर्तोपिया’ या १९८३च्या खून-तपासाच्या खेळाने. पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट’मुळे घराघरांत पोहोचलेले होरी ते हेच.

१९९०च्या दशकाच्या शेवटी मात्र संगणकावरचा हा प्रकार मागे पडला. त्रिमितीय धावपळीच्या खेळांपुढे शांतपणे खोली तपासत बसणे ग्राहकांना संथ वाटू लागले. आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर साहसखेळाला जागाच अवघडलेली होती. चित्रातल्या कपाटाच्या तिसऱ्या खणावर बोट ठेवायचे, तर त्यासाठी माउस लागतो. बटणांच्या कंट्रोलरने बाण तिथवर सरकवत नेणे म्हणजे चिमट्याने भात खाणे.

डीएसने ही अडचण दूर केली. खण दिसतो आहे ना, मग लेखणी त्यावरच टेकवा.

हातातले यंत्र, गोष्टीतले यंत्र

या नव्या सोयीतून सर्वांत सुंदर खेळ घडवले ते जपानच्या फुकुओका शहरातल्या सिंग नावाच्या छोट्या कंपनीने. तिचा ‘अनदर कोड’ २००५मध्ये आला. अमेरिकेत तो ‘ट्रेस मेमरी’ या नावाने ओळखला जातो. चौदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर अ‍ॅश्ली नावाची मुलगी एका निर्जन बेटावर उतरते. लहानपणापासून ती वडील वारले असेच समजत आली आहे. त्याच वडिलांनी पत्र पाठवून तिला इथे बोलावले आहे. सोबतीला भेटतो तो एका मुलाचा आत्मा. आपण कोण होतो आणि कसे मेलो, हे त्याला आठवत नाही. एकीला वडील शोधायचे आहेत, दुसऱ्याला स्वतःची स्मृती.

वडिलांनी अ‍ॅश्लीला एक छोटे यंत्रही पाठवलेले असते आणि ते दिसायला हुबेहूब डीएस आहे. खेळणाऱ्याच्या हातात जे आहे, तेच गोष्टीतल्या मुलीच्याही हातात! रचनाकारांनी हा धागा कोड्यांपर्यंत नेला. एका ठिकाणी शाई लावलेल्या शिक्क्याचा ठसा उमटवायचा असतो, तेव्हा यंत्र मिटावे लागते. ‘फँटम आवरग्लास’च्या दोन वर्षे आधीची ही युक्ती. दुसऱ्या एका ठिकाणी दोन्ही पडद्यांवर दोन चित्रे दिसतात आणि दोन्हींतून काहीच बोध होत नाही. यंत्र अर्धवट मिटून, एका पडद्याचे प्रतिबिंब दुसऱ्याच्या चकचकीत पृष्ठभागात पाहिले, की दोन्ही मिळून अर्थ लागतो. हे प्रतिबिंब कुठल्याही प्रोग्रॅमने तयार केलेले नाही. ते खोलीतल्या खऱ्या प्रकाशाचे, खऱ्या पडद्यावर पडलेले खरे प्रतिबिंब आहे.

त्याच कंपनीचा ‘हॉटेल डस्क: रूम २१५’ हा खेळ जानेवारी २००७मध्ये आला आणि तो जणू कादंबरी म्हणूनच हातात पडला. यंत्र आडवे न धरता पुस्तकासारखे उभे धरायचे. डाव्या पानावर एक माणूस, उजव्या पानावर दुसरा, असे संवाद रंगतात. डावखुऱ्या खेळाडूंसाठी पानांची अदलाबदल करता येते. काळ १९७९चा डिसेंबर, जागा अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातले एक उतरती कळा लागलेले हॉटेल. नायक काइल हाइड हा न्यूयॉर्कचा माजी पोलीस. आता तो दारोदार वस्तू विकतो आणि गायब झालेल्या आपल्या जुन्या जोडीदाराचा माग काढतो आहे.

या खेळातली माणसे पेन्सिलीने काढलेल्या रेखाटनांसारखी आहेत. ती गप्प उभी असली तरी त्यांच्या कडेच्या रेषा सतत थरथरत राहतात, चित्रकाराचा हात अजून कागदावरच असावा तशा. ताइसुके कानासाकी यांनी घडवलेली ही शैली आजही जुनी वाटत नाही. हाइडजवळ एक वही आहे आणि तिच्यात खेळणाऱ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात टिपणे काढायची असतात. कोण काय म्हणाले, कुठल्या खोलीचा क्रमांक काय, कोणाचे बोलणे कोणाशी जुळत नाही. खेळ ही टिपणे वाचत नाही, तपासतही नाही. ती खेळणाऱ्याची स्वतःची असतात. दोन-तीन दिवसांनी खेळ पुन्हा उघडला, की आपल्याच गिचमिड अक्षरातली ओळ वाचून धागा सापडतो.

इथेही बिजागरी कामाला येते. हाइड एक चित्रकोडे जुळवतो आणि त्याच्या मागे काही लिहिले असावे असा त्याला संशय येतो. जुळवलेले तुकडे न विस्कटता उलटे कसे करायचे? लहानपणी ज्याने अशी चित्रे जुळवली आहेत त्याला उत्तर माहीत असते: वर पुठ्ठा ठेवायचा आणि सगळे एकदम पालथे करायचे. दुसरा पडदा हाच तो पुठ्ठा.

वाघ, शेळी आणि कोंबडीची पिले

सगळ्यांनीच यंत्राला इतके कामाला लावले असे नाही. पण लेखणीचा उपयोग प्रत्येकाने आपापल्या परीने केला. फुकुओकाच्याच लेव्हल-५ या कंपनीने २००७मध्ये ‘प्रोफेसर लेटन’ ही मालिका सुरू केली. उंच टोपी घालणारे हे प्राध्यापक ल्यूक नावाच्या चुणचुणीत मुलासोबत गावोगाव हिंडतात आणि भेटणारा प्रत्येक जण त्यांना कोडे घालतो. कोडी रचण्यात अकिरा तागो यांचा मोठा वाटा होता. चिबा विद्यापीठातल्या या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांची, ‘डोक्याचा व्यायाम’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तकमालिका १९६६पासून जपानमध्ये तुफान खपत आली होती.

यातली कोडी मराठी वाचकाला मुळीच परकी वाटणार नाहीत. वाघ, शेळी आणि गवताची पेंढी घेऊन नदी ओलांडणारा नावाडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना भेटत आला आहे. पहिल्या लेटनमध्ये त्याचाच भाऊबंद आहे. तीन लांडगे आणि तीन कोंबडीची पिले पलीकडच्या काठावर न्यायची आहेत. तराफ्यावर दोघेच मावतात आणि कुठल्याही काठावर लांडगे पिलांपेक्षा जास्त झाले की पिलांचा फडशा. लेखणीने उचलून एकेकाला तराफ्यावर बसवायचे. मालिकेच्या पुढच्या भागांत गणित करायचे तर पडद्यावरच पारदर्शक कागद पसरून त्यावर खरडायचे. चुकलात तर गुण कमी होतात, अडलात तर गावातल्या भिंती, कुंड्या, कंदील टिचकी मारून शोधलेल्या नाण्यांच्या बदल्यात इशारा मिळतो. त्यामुळे आजोबा आणि नात एकाच यंत्रावर डोके लावून बसू शकत. लेटनचे मोठे यश त्यातच आहे.

कॅपकॉमच्या ‘फिनिक्स राइट: एस अ‍ॅटर्नी’ची गोष्ट वेगळी. शु ताकुमी यांचा हा कोर्टातला खेळ मुळात २००१मध्ये, स्पर्श न ओळखणाऱ्या जुन्या यंत्रासाठी तयार झाला होता. २००५मध्ये तो डीएसवर आणताना एक पूर्ण नवा खटला जोडला गेला, तो नव्या यंत्राचा पुरेपूर उपयोग करण्यासाठीच. पुरावा हातात घेतल्यासारखा फिरवून पाहायचा. रक्ताचे पुसलेले डाग शोधायला रसायन फवारायचे. बोटांचे ठसे उठवायला लेखणीने भुकटी टाकायची आणि मायक्रोफोनवर फुंकर घालून जास्तीची भुकटी उडवायची. साक्षीदार खोटे बोलतो आहे असे कळले, की यंत्राशी तोंड नेऊन ‘ऑब्जेक्शन’ असे ओरडायचीही सोय होती.

आवाजाची ही गंमत ‘फँटम आवरग्लास’मध्येही आहे. समुद्रातला खजिना वर काढणारा यांत्रिक हात लिंकला विकत हवा असतो. तो हवा म्हणून जितक्या जोरात ओरडावे, तितकी विक्रेता किंमत उतरवतो. मंडईत घासाघीस करणाऱ्याला हे नवे नाही, पण भरल्या आगगाडीत बसून पडद्यावरच्या दुकानदारावर ओरडायला धीर लागतो.

एइजी आओनुमा निर्माते आणि दाइकी इवामोतो दिग्दर्शक असलेल्या या खेळात लिंकला चालवायचे तेही लेखणीनेच. ती जिथे टेकेल तिकडे तो धावतो. बूमरँग फेकायचे तर त्याची वाट आधी पडद्यावर वळणावळणाने आखायची. जहाजाचा मार्ग नकाशावर रेघ ओढून ठरवायचा. कुठे खजिना आहे, कुठली कळ कुठल्या क्रमाने ओढायची, ते नकाशावरच लिहून ठेवायचे. खेळाडूंनी या खेळाला नावेही ठेवली. एकाच मंदिरात पुन्हापुन्हा, वाळूच्या घड्याळाशी स्पर्धा करत उतरावे लागते, ही तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. पण आधी काढलेली टिपणे त्या मंदिरात उपयोगी पडतात. मागच्या खेपेला जिथे पाच मिनिटे गेली, तिथे आपलीच खूण पाहून अर्ध्या मिनिटात पार होता येते.

टीव्हीपुढे थांबलेले बोट

सिंग कंपनीने मार्च २०१०मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी आलेला ‘हॉटेल डस्क’चा पुढचा भाग ‘लास्ट विंडो’ अमेरिकेत कधी विक्रीलाच आला नाही. तोवर खिशाखिशात स्पर्शाचे फोन आले होते. स्पर्श सगळीकडे पसरला, लेखणी आणि झाकण मात्र मागे राहिले.

निन्टेन्डोचे २०१७चे स्विच हे यंत्रही हातात धरून खेळता येते आणि त्याला स्पर्शाचा पडदा आहे. पण ते टीव्हीला जोडूनही खेळायचे असते. तेव्हा त्याचा पडदा खोबणीत बंद असतो, बोट पोहोचत नाही. साहजिकच रचनाकाराला स्पर्शावर कोडे बेतता येत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२०मध्ये सर्वांत आधी स्विचवरच आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेल्या राजीची ही गोष्ट आहे आणि तिच्या वाटेत गोल मंडलाची चकत्या फिरवून जुळवायची कोडी येतात. त्या चकत्या पाहून बोट आपसूक पुढे होते. खेळायचा मात्र तो बटणांनी आणि दांड्यांनी.

जुने खेळ नव्या यंत्रावर आणताना ही अडचण आणखी टोचते. एस अ‍ॅटर्नीचे खटले फोनपासून संगणकापर्यंत सगळीकडे पोहोचले, कारण त्यांचा गाभा संवादात आहे. ‘अनदर कोड’चे तसे नव्हते. जानेवारी २०२४मध्ये तो ‘अनदर कोड: रिकलेक्शन’ या नावाने स्विचवर नव्याने आला. अ‍ॅश्ली आहे, बेट आहे, आत्मा आहे, चित्रशैलीवर कानासाकींचा हात आहे. कोडी मात्र नव्याने रचावी लागली. मिटायला झाकणच नाही, तर शिक्का उमटणार कसा?

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१०पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा बाजारात रीतसर विकत मिळत नव्हते, असे त्यात आढळले. डीएसच्या साहसखेळांना दुहेरी धोका आहे. खेळाची प्रत सांभाळून भागत नाही, यंत्रही चालू स्थितीत हवे. आणि अशा यंत्रात वर्षानुवर्षांच्या उघडझापीने आधी दगा देते ती बिजागरी.

संग्राहक आज जुनी यंत्रे जपतात, तुटलेल्या कड्या बदलतात, पिवळे पडलेले पडदे नवे बसवतात. इतर बरेच जण हे खेळ संगणकावर, डीएसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून पाहतात. दोन पडदे खिडकीत एकाखाली एक मांडलेले असतात, लेखणीच्या जागी माउस असतो. लिंक पुन्हा त्या मंदिरात येतो, शिळा तीच, मुद्रा तीच, नकाशाही तोच. खेळणारा घासतो, खरडतो, मायक्रोफोनवर फुंकर घालतो. मग त्याची नजर खिडकीच्या वरच्या पट्टीवरच्या यादीकडे जाते. तिथे त्या प्रोग्रॅमच्या लेखकांनी नाइलाजाने एक हुकूम ठेवलेला असतो: ‘झाकण बंद करा’.